दीड कान, चार साचे

१९५६ साल. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा. लालबागच्या एका मिलमध्ये साचे खात्यात दोन साचे चालवत होतो, आणि चांगले चालवत होतो. साचा म्हणजे कापड विणायचा माग. आता मिलच राहिली नाही, तेव्हा हेही फोडून सांगावं लागतं. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, तेही गावच्या शाळेत, जिथे मास्तर आला तर शाळा. लिहितोय ते माझ्या हातचं आहे. अक्षर चुकलं तर चुकलं. पण साच्यावर माझ्या हातचं कापड चुकलं असं त्या वर्षापर्यंत कुणी म्हणालं नव्हतं.

उजवा कान माझा लहानपणापासून वाहायचा. आई लसूण घालून तेल गरम करायची आणि कानात सोडायची. कधी कोंबडीचं पीस घालून आत फिरवायची. गावात डॉक्टर कुठला? कान वाहायचा, सुकायचा, पावसात भात लावायला उतरलो की परत वाहायचा. पुढे मुंबईला आल्यावर वाहायचा थांबला, पण आत काहीतरी बसलं ते बसलंच. त्या बाजूचा आवाज गोधडीतून आल्यासारखा यायचा. माझा स्वतःचा आवाज मात्र नेमका त्याच कानात घुमायचा. चणे खाल्ले तर उजव्या कानात कुणी दळायला बसलंय असं वाटे. मी समजायचो, सगळ्यांचं असंच असणार. दुसऱ्याचा कान लावून कोण बघतो?

मी बहिरा नव्हतो. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याने मनात भलतं धरू नये. आजही कुणी बहिरा म्हटलं तर मी तिथून उठून जातो. मला ऐकू सगळं यायचं. फक्त ते कुठून आलं ते कळायचं नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं समजायला मला ते साल उजाडावं लागलं.

आमची खोली दुसऱ्या माळ्यावर, जिन्याला लागून. समोर लांबलचक गॅलरी, एका टोकाला नळ. लग्न होऊन बायको मुंबईला आली तेव्हा सुरुवातीला नळावरून हाक मारायची, "अहो, बादली घ्या!" मी खोलीतून बाहेर यायचो आणि उलट्या बाजूला बघायचो. तिकडे गॅलरी संपून भिंत होती. नळावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"मी हय आसय," बायको ओरडायची. "थय काय बघतास? भिंतीशी लगीन लावलास काय?"

मी म्हणायचो, "माझं लक्ष नव्हतं." लक्ष नसतं असं म्हटलं की पुरुषाला सगळं माफ असतं. पुढे तिने नळावरून हाक मारणं सोडलं. का सोडलं ते मी विचारलं नाही. मला वाटलं, चाळीची रीत शिकली.

आता खात्याचं सांगतो. साचे खात्यात पहिल्यांदा शिरलेला माणूस कानावर हात ठेवून उभा राहतो. शेकडो साचे एका छपराखाली ठोकत असतात, जमीन हलते, दात हलतात. मला मात्र तिथे बाहेरच्यापेक्षा बरं ऐकू यायचं. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. तिथे सगळेच ओरडून बोलतात, ओठ मोठे हलवून बोलतात, हात करून बोलतात. त्या गोंगाटात सगळ्यांचे कान सारखेच निकामी, मग माझा दीड काय आणि दुसऱ्याचे दोन काय.

दोन साचे चालवणारा दोन्हींच्या मधल्या गल्लीत उभा राहतो. एक साचा तोंडापुढे, एक पाठीमागे. पुढचा डोळ्याने सांभाळायचा, मागचा कानाने. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे सुत घेऊन धावत असतो. त्याच्या पोटातली कांडी संपली, सुत तुटलं की साचा थांबतो. थांबला की त्या सगळ्या गडगडाटात एवढासा खड्डा पडतो. साचेवाल्याला तो खड्डा पाठीमागून ऐकू येतो आणि तो वळतो. मला खड्डा ऐकू यायचा, पण तो कुठे पडला ते कळायचं नाही. म्हणून मी माझी एक तऱ्हा काढली होती. मागच्या साच्याला कंबर टेकून उभा राहायचो. त्याचा ठोका हाडातून वर चढायचा. ठोका बंद झाला की आधी कंबरेला कळायचं. खात्यातले लोक म्हणत, बघा कसा ऐटीत टेकून उभा राहतो, बापाचे साचे असल्यासारखा. मी म्हणायचो, बापाचे नाहीत, माझेच आहेत.

माझ्या साच्यांना लागून, त्याच गल्लीत, दोन साचे माझ्या एका गाववाल्याचे. आमच्या शेजारच्या वाडीतला, माझ्याहून थोडा लहान. त्याला मीच मुंबईला आणला, मीच जॉबरपुढे उभा केला, जॉबर म्हणजे आमच्या ओळीचा मुकादम. सुत बांधायला मी शिकवलं. तोंडाने फटकळ, हाताने साफ. मालवणी सोडून दुसरं बोलायचा नाही, पोलिसाशीही नाही.

त्या वर्षी जानेवारीत बातमी आली की महाराष्ट्राला मुंबई मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार. मिल बंद, दुकानं बंद, गल्ल्या माणसांनी भरलेल्या. मी काही पुढारी नव्हतो. पण संध्याकाळी घोषणा सुरू झाल्या की खाली उतरायचो आणि घसा फाटेपर्यंत "झालाच पाहिजे" म्हणायचो. गर्दीत मला बरं वाटे. चारी बाजूंनी एकच शब्द येतो, तो कुठून आला हे कुणी विचारत नाही.

अशाच एका दुपारी घरातलं रॉकेल संपलं म्हणून मी आणि तो गाववाला डबे घेऊन बाहेर पडलो. गल्ली नेहमीपेक्षा मोकळी होती. आम्ही दोन चाळींच्या मध्ये आलो आणि फटाफट आवाज झाला. परत झाला. माणसं धावायला लागली. मीही धावलो. आवाज डावीकडून मागच्या बाजूने आला असं मला साफ वाटलं, म्हणून मी त्याच्या उलट, नाक्याकडे धावलो. दोन-चार पावलं गेलो असेन, तेवढ्यात मागून कुणीतरी सदऱ्याची कॉलर धरली आणि मला खेचत एका जिन्याखाली नेलं. तोच होता.

"मेल्या, खय धावतंस? थय पोलिस आसत!"

"आवाज मागून आला," मी म्हणालो.

"मागसून? मागे मिलची भिंत आसा. भिंत गोळी घालता?"

 तो माझ्याकडे बघत राहिला. बाहेर लोक ओरडत होते, आणि ह्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी आलं होतं. म्हणाला, "डोळे मिट." मी म्हटलं, ही काय वेळ आहे? "मिट म्हणतंय ना." मी मिटले. त्याने कुठेतरी चुटकी वाजवली.

"खय वाजली?"

"डावीकडे."

परत वाजवली. "आता?"

"डावीकडे."

"आणि आता?"

"डावीकडेच. तू हात हलवतच नाहीस."

मी डोळे उघडले तर त्याचा हात माझ्या उजव्या कानाशी होता. तो हसायला लागला. मग हसता हसता थांबला. "तुझे कान दीडच आसत रे," म्हणाला. "साचे कसे चालवतंस?"

मी त्याचा हात झटकला. म्हटलं, "कुणाला बोललास तर तुझा माझा संबंध संपला. आईची शपथ घे." त्याने घेतली. चेष्टा केली नाही. सगळं शांत झाल्यावर आम्ही रिकामे डबे घेऊन परत आलो. ज्या नाक्याकडे मी धावत होतो तिथे एक माणूस पडला होता. मी त्याला ओळखत नव्हतो. त्याची एक चप्पल गटारापाशी उलटी होती, तेवढी आठवते.

तेव्हापासून आम्ही दोघं बाहेर पडलो की तो माझ्या उजव्या बाजूने चालायचा. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

गणपती झाले आणि मिलमध्ये नवीन टूम आली. एका माणसाने दोनच्या जागी चार साचे चालवायचे. बाहेरगावच्या मिलमध्ये चालवतात, तुम्हाला काय धाड भरली, असं वरून आलं. थोडी आरडाओरड झाली. पण त्या वर्षी सगळ्यांचं चित्त महाराष्ट्राकडे लागलेलं, मालकाने वेळ बरोबर साधली. जॉबरने मला आणि गाववाल्याला एकत्र बोलावलं.

"तुमचे दोघांचे मिळून चार होतात," जॉबर म्हणाला. "एकाने चार चालवायचे, एकाने बदलीत जायचं. तुझी नोकरी जुनी, पहिला हक्क तुझा. दिवाळीपर्यंत चालवून दाखव. नाही जमलं तर हा."

बदली म्हणजे रोज सकाळी खात्याच्या दरवाज्यात उभं राहायचं. कुणी आजारी पडला, कुणी गावाला गेला, तर जॉबर नाव पुकारतो आणि तेवढ्या दिवसाचं काम मिळतं. नाही पुकारलं तर डबा घेऊन घरी. गाववाल्याची बायको तेव्हा गावाहून नुकतीच आली होती, सातवा महिना होता. हे मला ठाऊक होतं, जॉबरलाही ठाऊक होतं.

"जमेल," मी म्हणालो. विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं. आणि निघालं ते खोटं नव्हतं. माझी नोकरी जुनी होती, हात माझा चांगला होता, मी का नाही म्हणू?

गाववाला बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "कंबर एक आसा. टेकशीत खय खय?"

त्याचं खरं होतं. चार साचे म्हणजे दोन पुढे, दोन मागे. मी मागच्या एकाला टेकलो की दुसरा मोकळा राहायचा. आवाजात खड्डा पडला की मी पहिल्यांदा डावीकडे बघायचो. तिकडे सगळं चालू असायचं. मग पुढे, मग मागे, मग उजवीकडे. जत्रेतल्या भोवऱ्यासारखा गरगर फिरायचो. बंद पडलेला साचा सापडेपर्यंत दुसरा बंद पडलेला असायचा. दुसरे साचेवाले चार चालवताना घामाघूम व्हायचे, पण त्यांची मान बरोबर जिथे पाहिजे तिथेच वळायची. मी त्यांच्या माना बघायचो. साधी गोष्ट, माणूस जन्मताना घेऊन येतो, आणि मी एकोणतीस वर्षांचा होऊन दुसऱ्याची मान बघत होतो.

गाववाल्याला बदलीत अधूनमधून काम मिळायचं. कधी माझ्या शेजारच्याच गल्लीत मिळायचं. तिथे असला की माझा साचा थांबल्याबरोबर तो हात वर करायचा. मागचा उजवा असेल तर उजवा हात, आणि अंगठा मागे. पुढचा डावा असेल तर डावा हात, अंगठा पुढे. नाक्यावरच्या पोलिसासारखा. पहिल्या दिवशी मी त्या हाताप्रमाणे वळलो आणि चारही साचे दिवसभर चालले. सुट्टीत डबा न उघडताच मी त्याच्याकडे गेलो.

"हात कशाला दाखवतोस?" मी विचारलं. "मी आंधळा आहे?"

"आंधळो नाय. दीडकान्यो."

"परत हात वर केलास तर मोडून ठेवीन."

"मोड. माझो हात, तुझे साचे. घाटो तुझोच."

दुसऱ्या वेळी त्याच गल्लीत आला तेव्हा हात परत वर झाला. मी हरलो असतो तर साचे त्याला मिळाले असते. त्याने नुसता हात खाली ठेवला असता तरी पुरे होतं. सात महिन्यांची पोटुशी बायको घरात, आणि हा माझे साचे चालावेत म्हणून हात वर करतोय. मला तेच खुपायचं. वैऱ्याशी भांडता येतं. ह्याच्याशी काय भांडणार?

मी त्याच्याकडे बघणं सोडलं. आपल्या कानाने, आपल्या डोळ्याने जे जमेल ते.

दिवाळीच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. दुपारची वेळ. मला ठकठक असा वेगळा आवाज आला. धोटा पेटीत नीट बसत नसला की असा येतो. साचा त्याच क्षणी बंद करायचा असतो. नाही केला तर धोटा मध्येच सुतात अडकतो आणि मागून सुत ठोकणारी फणी येऊन आदळते, मग ताण्याची, म्हणजे उभी, सुतं तटातटा तुटतात. त्याच्यासारखी नाचक्की साचेवाल्याला दुसरी नाही.

मी मान वर केली. पलीकडच्या गल्लीत गाववाल्याचा उजवा हात वर होता, अंगठा मागे. मला दिसला. मी डावीकडे गेलो. माझ्या कानाने डावीकडे सांगितलं होतं आणि कान माझा होता. डावीकडचा साचा मी बंद केला. ठकठक चालूच. पुढचा बंद करायला वळलो, तेवढ्यात मागे उजवीकडे फाटल्याचा आवाज झाला. हा मात्र मला कानाने नाही, पायाच्या तळव्यांनी कळला. गेलो तर सगळ्या रुंदीत सुतांचं जाळं लोंबत होतं, धोटा मध्ये तिरका रुतलेला.

जॉबर आला. त्याने तुटलेल्या ताण्याकडे बघितलंच नाही. डावीकडच्या बंद केलेल्या चांगल्या साच्याकडे बघितलं.

"हा का थांबवलास?"

मी तो परत चालू केला. 

"तुला दिसत नाही, की ऐकू येत नाही?"

"दोन्ही येतं."

"मग उद्या खाडा कर. परळच्या इस्पितळात जा, कान दाखव. आणि मग मला येऊन काय ते सांग." जॉबर वाईट माणूस नव्हता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तुटलेलं प्रत्येक सुत बोटांनी बांधावं लागतं. मी बसलो. थोड्या वेळाने समोरून दुसरी दोन बोटं बांधायला लागली. गाववाला साच्याच्या पलीकडे उकिडवा बसला होता. तो त्याच्या बाजूने बांधत आला, मी माझ्या बाजूने. भोंगा होईपर्यंत आम्ही बांधत होतो.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो. लांब बाकड्यावर माणसं, पुढे ओळीने दारं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठून डावीकडच्या दारात शिरलो. तिथे एका बाईच्या घशात चमचा घातलेला होता. नर्स म्हणाली, "अहो, इकडे!" आणि मी तिच्या हाताकडे बघून बरोबर दारात गेलो.

डॉक्टर माझ्याच वयाचा असेल, कपाळावर गोल आरसा बांधलेला. मी घरून ठरवून निघालो होतो. काही विचारलं तरी "ऐकू येतं" म्हणायचं. त्याने आरशाच्या उजेडात दोन्ही कान बघितले. मग एक लोखंडी चिमट्यासारखी दोन पायांची वस्तू काढली, हाताच्या कोपरावर आपटली, ती गुणगुणायला लागली. तिचं बूड त्याने माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवलं.

"कुठल्या कानात जास्त ऐकू येतंय?"

मला खोटं बोलावंच लागलं नाही. उजव्या कानात ती एवढी मोठी घुमत होती की डावा कुठल्या कुठे गेला. मला आनंद झाला. जन्मात पहिल्यांदा माझा उजवा कान डाव्याच्या पुढे गेला होता.

"उजव्यात!" मी म्हणालो. "चांगलं मोठं. डाव्यापेक्षा मोठं."

डॉक्टरने मान हलवली. "बरोबर."

"मग कान चांगला आहे ना?"

"नाही हो. म्हणूनच तर उजव्यात मोठं येतंय."

मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. माझा चेहरा बघून तो जरा खाली वाकून बोलायला लागला. "खोलीचं दार लावून घेतलं की बाहेरचा गोंगाट आत येत नाही, आणि आतलं कुजबुजणंसुद्धा मोठं वाटतं. तसं आहे. तुमच्या उजव्या कानाचं दार बंद आहे. पडद्याला भोक आहे, त्यामागची बारीक हाडं जखडली असणार. आतली खोली चांगली आहे. मी हाडातून आवाज पाठवला, तो सरळ आत गेला. बाहेरून हवेतून येतो तो दारातच अडतो."

"पण मला ऐकू येतं."

"येतं. डाव्याने येतं. पण आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही लागतात. उजवीकडे कुणी बोललं तर उजव्या कानाला ते जरा आधी पोचतं, जरा मोठं पोचतं. डाव्याला उशिरा आणि बारीक. त्या फरकावरून माणूस मान वळवतो, त्याला कळतही नाही आपण हिशेब केला. तुमच्या उजव्याकडे सगळंच बारीक पोचतं. म्हणून तुम्हाला सगळं डावीकडूनच आल्यासारखं वाटतं. वाटतं ना?"

मी त्या चिमट्याकडे बघितलं. 

"औषध द्या."

"औषधाने दार उघडणार नाही. परदेशात ऑपरेशनं करायला लागलेत. इथे मी तुम्हाला भरवसा देऊ शकत नाही. पाणी जाऊ देऊ नका, तेल घालू नका. काम काय करता?"

मी सांगितलं. त्याने लेखणी उचलली. मग म्हणाला, "मिलमध्ये द्यायला लिहून देऊ?"

"काही लिहू नका," मी म्हणालो आणि उठलो.

परळहून लालबागला चालत आलो. दिवाळीच्या तोंडावर गुजरातसकट एकच द्विभाषिक राज्य जाहीर होऊन गेलेलं, आमच्या बाजूच्या चाळींत त्या वर्षी कंदील लावायचं कुणाला मन नव्हतं. तरी कुठेतरी फटाके वाजत होते. एक वाजला, डावीकडे. दुसरा, डावीकडे. मला त्या नाक्यावरची चप्पल आठवली. आतापर्यंत मला वाटायचं, जग जसं आहे तसं मला ऐकू येतं, लोकच मला उगाच हसतात. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की माझ्या उजवीकडे अर्धं जग आहे, आणि ते मला कधी हाक मारत नाही.

संध्याकाळी गाववाला आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"काय बोललो डॉक्टर?"

"चांगला आहे म्हणाला."

"खोटा."

"तुला काय करायचंय? तू जॉबरला सांगितलंस?"

"आईची शपथ घेतलंय. नाय सांगूक."

"मग आता सांग. शपथ सोडवली मी तुझी. जा, सांग उद्या. साचे तुला मिळतील."

त्याचा चेहरा लाल झाला. "माका असले साचे नको. तुझो कान तू तुझ्या तोंडान सांग. मी काय तुझ्या कानावर बायको-पोर पोसू?"

"मी सांगणार नाही. मला कुणी बहिरा म्हटलेलं चालणार नाही."

"मग चालव चार. आणि रोज सुता बांधीत बस." तो निघाला. जिना उतरताना त्याची चप्पल वाजत गेली. वर चाललाय की खाली, तेही मला कानाने कळलं नसतं. कळलं ते तो जिना उतरताना दिसला म्हणून.

बायकोने ताट वाढलं आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "त्येंका देवा साचे."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"माका काय कळता?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "लगीन झाल्यापासून मी डावीकडे बसतंय. कधी इचारलास, का म्हणान?"

मी भाकरी खाल्ली नाही. तिने ताट तसंच झाकून ठेवलं. किती वर्षं ती गॅलरीतून फिरून माझ्या डाव्या अंगाला येत होती, आणि मी म्हणत होतो, चाळीची रीत शिकली.

सकाळी भोंग्याच्या आधी मी खात्यात गेलो. जॉबर दरवाज्यातच होता.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"डॉक्टरचा इथे काही संबंध नाही," मी म्हणालो. "चार साचे मला नकोत. त्याला द्या."

"का?"

"मला मन नाही."

जॉबरने बदलीच्या माणसांकडे तोंड करून गाववाल्याचं नाव पुकारलं. तो पुढे आला. माझ्यासमोर येऊन थांबला. मी खिशातून माझी कात्री आणि सुत ओढायचा हूक काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने ते घेतले आणि आत गेला. साचे सुरू झाले, जमीन हलायला लागली.

बदलीच्या माणसांत भिंतीला लागून तो उभा होता तेवढी जागा रिकामी झाली होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो. जॉबर आणखी नावं पुकारणार होता. मी डावा कान दरवाज्याकडे केला.